दोन ॲक्सल

१

स्टेशनातला दिवस फडक्यानं सुरू व्हायचा. सकाळी सातला बाबा खोली उघडत, आधी टेबल पुसत, मग टेलिफोन, मग टोकनचं लाल लोखंडी यंत्र, आणि सगळ्यांत शेवटी, पाहुण्यांच्या मुलाचं नाक पुसावं तसं दोन बोटांनी, माझी पेटी.

माझी पेटी म्हणजे भिंतीवर बसवलेला एक राखाडी डबा आणि त्यावर उजळणारे दोन आकडे. तो डबा बसवायला मी सहा वर्षांनी घरी परतले होते. बाबा या स्टेशनाचे मास्तर. इथून पुढच्या स्टेशनापर्यंत नऊ किलोमीटर एकेरी मार्ग आहे, जायला तोच आणि यायलाही तोच. या तुकड्याला सगळे सेक्शन म्हणतात. सेक्शनात एका वेळी एकच गाडी असावी म्हणून दोन्ही स्टेशनांत एकेक लाल यंत्र ठेवलेलं, तारेनं एकमेकांशी बांधलेलं. दोन्हींतून मिळून एका वेळी एकच लोखंडी गोळा बाहेर निघतो. तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलत नाही.

मी परदेशी शिकले तिथे ड्रायव्हरशिवाय गाड्या धावतात. समुद्राखालच्या बोगद्यातून, दर दोन मिनिटांनी एक. आणि या सगळ्या थाटामागे असते एक साधी मोजणी. सेक्शनाच्या दोन्ही टोकांना रुळाच्या पोटाशी एकेक डबी बसवायची. वरून गेलेली प्रत्येक ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, ती मोजते. आत गेल्या त्या मिळवायच्या, बाहेर पडल्या त्या वजा करायच्या. आकडा शून्यावर आला की सेक्शन रिकामं. कोणाला काही लक्षात ठेवायला नको.

हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळे म्हणजे बाबा आणि रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. पॉइंट्समनला सारी लाईन भोंगा म्हणते, कारण तो इतका हळू बोलतो की त्याचं बोलणं ऐकायला इंजिन बंद करावं लागतं. मी त्याला भोंगाकाका म्हणते. माझं भाषण झाल्यावर तो बाबांना म्हणाला की ताईसाहेबांनी सहा वर्षं शिकून बेरीज-वजाबाकी आणली, आम्हाला इथेच चौथीत शिकवली होती. बाबा हसले नाहीत. मी हसले, आणि मग जे बोलायला नको होतं ते बोलले.

मी म्हटलं की माणूस विसरतो, माणूस आळस करतो, म्हणून यंत्र हवं. दादाचंच उदाहरण घ्या. दादानं परवानगी न घेता रूळ तपासायची ढकलती ट्रॉली रुळावर घातली आणि स्वतःच्या निष्काळजीपणानं जीव गमावला. ही पेटी असती तर तो आज जिवंत असता.

माझा थोरला भाऊ रुळांचा निरीक्षक होता. मी परदेशी गेल्यावर महिन्याभरानं तो कामावर असताना गेला. चौकशीचा निकाल बाबांनीच मला फोनवर वाचून दाखवला होता: विनापरवाना प्रवेश.

बाबांनी फडकं झटकलं, घडी घातली आणि म्हणाले, "सात-चाळीस होतायत. पॅसेंजरची तयारी करा."

२

ठरलं होतं ते असं. सात दिवस गाड्या नेहमीसारख्या गोळ्यावरच चालतील आणि माझी पेटी नुसती मोजत राहील. आठव्या दिवशी मोठे साहेब येतील, लाल यंत्र बंद करतील आणि सकाळची पॅसेंजर पेटीच्या भरवशावर सोडतील. ती नीट गेली तर ही पद्धत सगळ्या एकेरी मार्गांवर बसेल. पेटीनं रिकामं सेक्शन भरलेलं दाखवलं तर सगळं गुंडाळून ठेवायचं. मी तिथली चांगली नोकरी सोडून यासाठी आले होते. अशा सेक्शनांत दर वर्षी माणसं मरतात आणि त्यांच्यापुढे विनापरवाना असं लिहिलं जातं, हे मला सहन होत नव्हतं.

पॅसेंजरला इंजिन एक, डबे सात. इंजिनाच्या सहा ॲक्सल, डब्यांच्या अठ्ठावीस, एकूण चौतीस. पहिल्या दिवशी आठ-वीसला गाडी सुटली. पलीकडे पोहोचल्याचा फोन आला, बाबांनी वेळ लिहिली, आणि मी पेटीसमोर जाऊन उभी राहिले.

आकडा उतरून दोनवर थांबला होता.

मी निराश झाले नाही. नवीन यंत्र पहिल्या दिवशी चुकतंच. मी हत्यारांची पिशवी घेऊन रुळावर गेले, डबी उघडली, तारा तपासल्या, हातानं चाक फिरवून बघितलं. एकाला एक, दहाला दहा. परत येऊन पेटी शून्यावर आणली. चाचणीच्या दिवसांपुरती ती किल्ली माझ्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशीही.

बाबांना मी म्हटलं की कुठेतरी दोन जास्त मोजल्या जातायत. त्यांनी विचारायला हवं होतं, का. त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

३

चौथ्या दिवशी मी साडेसातपासून पेटीसमोर स्टूल टाकून बसले. बाहेर स्वच्छ ऊन होतं. फलाटावर पाच-सहा माणसं, एक बाई मुलीची वेणी घालत बसलेली. बाबा टेबलाशी वही लिहीत होते. त्यांच्या टाकाची कुरकुर ऐकू येत होती. पॅसेंजर फलाटाला लागलेलीही नव्हती.

सात-चाळीसला पेटीवर एक आला.

मग, मी श्वास घेऊन सोडला असेल एवढ्या वेळानं, दोन.

मी खिडकीकडे धावले. डबी खिडकीतून सरळ दिसते, शंभर पावलांवर. रूळ रिकामा होता. एक कावळा रुळावर बसला होता आणि तो उडालासुद्धा नाही.

मी परत स्टुलावर बसले आणि शिकल्याप्रमाणे विचार केला. उन्हानं लोखंड तापतं, त्याचा परिणाम असेल. पण सात-चाळीसला कसलं ऊन? कोणी फावडं घासलं असेल. पण कोण? टेलिफोनच्या तारेतून झटका आला असेल. ही शेवटची शंका मला आवडली आणि दुपारभर मी तारा तपासण्यात घालवली.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये बसून मी नोंदी उघडल्या. पेटी नुसती मोजत नाही. डबीवरून गेलेल्या प्रत्येक चाकाची लहर ती लिहून ठेवते, आणि त्या लहरीवरून चाकाचा आकार आणि वेग काढता येतो. चौतीस ॲक्सलच्या लहरी मोठ्या आणि रुंद होत्या, एकीला लागून एक. त्यांच्या आधीच्या दोन लहान होत्या. झटका असा गोल नसतो. ते चाकच होतं, पण वीतभर उंचीचं. दोन्हींमधलं अंतर मीटरभर, आणि वेग माणूस ढकलत चालेल तेवढा.

आई भाजी निवडत होती. मी न राहवून तिला विचारलं की हल्ली सकाळी कोणी ट्रॉली काढतं का. तिनं हातातली जुडी तशीच खाली ठेवली. म्हणाली, इथली ट्रॉली मोडून भंगारात गेली त्याला सहा वर्षं झाली. मग उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. भांडं कुठलंच नव्हतं.

सहा वर्षं. माझ्या मनात तेव्हा एवढंच आलं की आईचा हिशेब महिन्याभरानं चुकतोय.

४

पाचव्या आणि सहाव्या दिवशी मी बाबांना पेटीसमोर उभं केलं. एक आला, दोन आला. बाबा बघत होते तो आकडा नव्हताच. ते खिडकीतून रुळाकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात, निरोपाला करतात तसा, कमरेपर्यंत उचलला गेला होता. माझं लक्ष आहे हे कळताच त्यांनी तो हात खिशात घातला.

मी त्यांना सांगितलं की परवा साहेब येतील. गाडी सोडण्याआधी आकडा दोन असला तर पेटी सिग्नल देणारच नाही. शून्य करायची किल्ली तेव्हा कुलपात असेल, आणि ती मिळण्यासाठी एक फॉर्म भरावा लागेल. त्याचा मजकूर मीच तयार केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. "मी स्वतः सेक्शन पायी तपासले असून ते रिकामे आहे." खाली सही, स्टेशन मास्तर किंवा प्रभारी अभियंता. मी म्हटलं, वेळ आली तर बाबा, तुम्ही सही करा, तुमची पस्तीस वर्षांची नोकरी आहे, साहेब एक शब्द विचारणार नाहीत.

"मी एकदा लिहून दिलंय सेक्शन रिकामं होतं म्हणून," बाबा म्हणाले. "दुसऱ्यांदा नाही देणार."

कधी दिलंत, असं मी विचारलं. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि वहीत कालचीच तारीख पुन्हा एकदा लिहिली.

५

सातव्या दिवशी मी सेक्शन पायी तपासायला निघाले. भोंगाकाका बरोबर आला, खांद्यावर मोठा पाना आणि बगलेत लाल झेंडी घेऊन. आठ-वीसची पॅसेंजर पलीकडे पोहोचली होती आणि दुपारपर्यंत दुसरी गाडी नव्हती. पेटीवर दोन होता.

पहिले चार किलोमीटर आम्ही गप्पा मारल्या. म्हणजे मी मारल्या. मी त्याला सांगितलं की एका देशात गाडी वीस सेकंद लवकर सुटली म्हणून रेल्वेनं माफी मागितली होती. तो म्हणाला, आपल्याकडे वीस मिनिटं लवकर सुटली तर लोक कालची समजतील. मी त्याला हसत हसत विचारलं की दादाबरोबर ट्रॉली ढकलायला तूच असायचास ना, मग त्या दिवशी कुठे होतास?

तो चालायचा थांबला. समोर खिंड होती. तिच्यातून रूळ वळतो आणि पलीकडे पूल लागतो.

"तुमची ट्रंक उचलत होतो," भोंगाकाका म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्याचं बोलणं ऐकायला नेहमीच जवळ जावं लागतं, मी जवळ गेले. तो रुळाकडे बघून बोलत राहिला, एकसारखं, जणू पाठ केलेलं.

मी परदेशी निघाले त्या सकाळी पुलावरच्या रुळाला तडा असल्याचा संशय आला होता. दादा सातला स्टेशनात आला. ट्रॉलीला नेहमी दोघं लागतात. ढकलायला एक चालतो, पण गाडी आली तर ती उचलून रुळाबाहेर ठेवायला दोघं हवेतच. बाबा म्हणाले, भोंग्याला आज ठेव, बाईसाहेबांची ट्रंक लोखंडाची आहे. दादा म्हणाला, मग मी एकटाच जातो, उताराचीच वाट आहे, तडा बघतो आणि तसाच पुढच्या स्टेशनात जाऊन फोन करतो. माझा फोन येईपर्यंत गाडी सोडू नका. बाबा बरं म्हणाले. गोळा काढला नाही, वहीत लिहिलं नाही. बापाला लेक सांगतोय, लिहायचं काय त्यात? सात-चाळीसला ट्रॉली गेली. बाबांची तेव्हा रात्रपाळी होती, आठ वाजता पाळी बदलली. नवे मास्तर खुर्चीत बसले. बाबांनी टोपी काढली, किल्ल्या दिल्या आणि फलाटावर आले, माझ्या डब्याच्या खिडकीशी. नव्या मास्तरांनी यंत्र बघितलं, गोळा जागेवर होता. त्यांनी पुढच्या स्टेशनाला विचारलं, लाईन मोकळी असं उत्तर आलं, गोळा काढला आणि गाडी सोडली.

"मास्तरांनी हात केला तुम्हाला," भोंगाकाका म्हणाला. "शेवटचा डबा फलाटाबाहेर गेला तोवर करत होते. मग हात तसाच राहिला वर. मी बघितलं त्यांच्याकडे. तेव्हा आठवलं त्यांना."

गाडी पुलाच्या अलीकडे थांबली होती, हे मला आठवत होतं. पंचवीस मिनिटं. डब्यात कोणीतरी म्हणालं, गुरं आडवी आली. मी उतरले नाही. खिडकीशी पुस्तक उघडून बसले होते. निघायच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला होता की तुझी गाडी पुढच्या स्टेशनात येईल तेव्हा मी फलाटावर असेन, ढमे, खिडकीतून डोकं बाहेर काढ. मी काढलं होतं. तो नव्हता. मी पहिल्याच पत्रात त्याला लिहिलं की तुला साधा हात करायलासुद्धा जमलं नाही.

ते पत्र घरी कोणी उघडलं असेल?

महिन्याभरानं का सांगितलं, असं मी विचारलं तेव्हा भोंगाकाका म्हणाला, तुम्ही परत आला असता म्हणून. आणि चौकशीत बाबांनी तसं का लिहून दिलं? तो म्हणाला, खरं लिहिलं असतं तर मास्तर तुरुंगात आणि तुम्ही परत इथे. थोरले तर गेलेच होते. त्यांना काय लागणार होतं आता, चांगलं नाव?

तो खिंडीच्या तोंडाशी दगडावर बसला. म्हणाला, मी याच्यापुढे पायी जात नाही ताईसाहेब, गाडीत बसून जातो, डोळे मिटून.

६

खिंडीत गारवा होता. माझ्या बुटांखाली खडी वाजत होती आणि तिचा आवाज दोन्ही भिंतींवरून परत येत होता. मी स्वतःला सांगत होते की आपण काय करतोय ते स्पष्ट आहे, आपण तपासणी करतोय. रुळांखालचे स्लीपर मोजायला लागले. चाळीसच्या पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आवाज आणखी एक आहे.

लोखंडावर लोखंड टेकल्याचा. ठण. मग थोडी शांतता. मग पुन्हा, किंचित वेगळा, दुसऱ्या बाजूनं.

पुलाचा कुठलातरी बोल्ट सैल झाला असेल, असं मी ठरवलं. वारा असेल. खिंड संपली आणि ऊन डोळ्यांवर आलं. मी कपाळावर हात धरला.

पुलाच्या मध्यावर ट्रॉली उभी होती.

तिच्या डाव्या अंगाला एक माणूस वाकला होता, माझ्याकडे पाठ करून. खाकी शर्ट पाठीवर भिजून काळा झाला होता. त्यानं दोन्ही हातांनी कड धरली आणि डावी बाजू रुळावरून उचलली. ती वीतभर उठली. उजवी जागेवरच राहिली. तो थांबला, धापा टाकत, आणि कड खाली सोडली. ठण. मग घाईघाईनं ट्रॉलीला वळसा घालून उजवीकडे गेला, वाकला, उजवी उचलली. डावी जागेवर.

ठण.

त्यानं आलेल्या रस्त्याकडे, म्हणजे माझ्या दिशेला, मान वळवायला सुरुवात केली. कान दिसला, गालाची कड दिसली.

मी तोंड फिरवलं.

आमच्यात दीडशे पावलं होती. मी धडधाकट आहे, तिथल्या व्यायामशाळेत मी वजनं उचलायचे. दुसरी बाजू धरायला फार तर मिनिट लागलं असतं. हे सगळं मला त्या क्षणी सुचलं, अगदी शब्दांत सुचलं. आणि मी खिंडीतून उलट पळत सुटले. मागे ठण वाजत होतं, लयीत नाही, दमलेल्या माणसाचं असतं तसं, दर वेळी जरा उशिरानं.

७

आठव्या दिवशी मोठे साहेब आले. चांगला माणूस. त्यांनी पेटीच्या काचेत स्वतःचे केस नीट केले आणि म्हणाले की हे गोळे आता म्युझियममध्ये ठेवू, नाहीतर पेपरवेट करू. लाल यंत्राची तार त्यांनी स्वतः काढली. किल्ली कुलपात गेली. 

सात-चाळीसला एक आला. मग दोन.

पॅसेंजर फलाटाला लागली, माणसं चढली, आठ-वीस झाले. सिग्नल लालच. ड्रायव्हरनं शिट्टी दिली. साहेबांनी मला विचारलं की हे काय. मी म्हटलं, सेक्शनात काहीतरी आहे. काय आहे? त्यांनी विचारलं, आणि हसत, कारण समोरच्या स्टेशनातून सकाळपासून काहीही सुटलेलं नव्हतं. काल तुम्ही पायी तपासलं ना? मी हो म्हटलं. रिकामं होतं ना? मी खिडकीतून रुळाकडे बघितलं. त्यांनी खिशातून पेन काढून फॉर्म माझ्यापुढे सरकवला. म्हणाले की मला अकराला दुसरीकडे पोहोचायचंय, पंधरा मिनिटं देतो, नाहीतर तार पुन्हा जोडू आणि हा विषय संपला असं लिहू. ते बाहेर सिगारेट ओढायला गेले.

खोलीत बाबा आणि मी. बाबांनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"बघितलंस त्याला?"

"हो."

"काय करतो?"

मी सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाच त्यांचा जबडा हलला. मग त्यांनी विचारलं की रिकाम्या हातांनी की हातमोजे घालून. मला हा प्रश्न इतका भयंकर वाटला की मी खरं उत्तर दिलं. रिकाम्या हातांनी.

मी म्हटलं, बाबा, आपण जाऊ. दोघं जाऊ, आत्ता. एका बाजूला तुम्ही धरा, एका बाजूला मी. साहेबांना काय लिहायचं ते लिहू दे. हे मी मनापासून बोलत होते, आणि बोलताना माझी नजर फॉर्मवर होती. मी तो बाजूला सारला नव्हता. बाबांनी ते बघितलं. आयुष्यभर गाड्या बघितलेल्या माणसाला कोणाचं मन कुठे लागलंय हे लगेच कळतं.

"आण इकडे," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात…"

"म्हणालो होतो. तुझी गाडी उभी आहे ना."

त्यांनी सही केली. पस्तीस वर्षांची वळणदार सही, खाली दोन टिंबं. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. मी त्यांचा हात धरू शकत होते. टेबल रुंद नव्हतं.

साहेब आत आले, किल्ली दिली, मी ती फिरवली. दोनाच्या जागी शून्य आलं. कसलाही आवाज झाला नाही. सिग्नल उतरला आणि चौतीस ॲक्सल एकीमागून एक आत गेल्या. बाबा फलाटावर गेले नाहीत. ते खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होते. आठ-एकावन्नला, गाडी पुलाशी पोहोचायच्या वेळेला, त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे टेकवले, गाडी अंगावरून जाताना जमीन हादरते ती थोपवावी तसे. नऊ वाजून चार मिनिटांनी पलीकडून फोन आला. पेटीवर चौतीस उतरत उतरत शून्य झाले.

साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला.

८

या गोष्टीला आता सात महिने झाले. पेटी एकदाही चुकलेली नाही. आणखी अकरा सेक्शनांत ती बसली, आणि मला ठाऊक आहे की त्यामुळे काही माणसं जगतील. हे मी आजही मानते. बाबा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. सकाळी ते क्वार्टरच्या पायरीवर बसतात. आईशी बोलतात. माझ्याशीही बोलतात, पाण्याबद्दल, बुटांबद्दल. दादाचं नाव आमच्यात पुन्हा निघालेलं नाही. चौकशीच्या निकालाची प्रत मी मागवून घेतली आणि त्यावर हरकतीचा अर्ज लिहिला. त्यात बाबांच्या दोन्ही सह्यांबद्दल लिहावं लागतं. अर्ज माझ्या खणात आहे.

ते जिवंत आहेत तोवर मी तो पाठवणार नाही, हे मला आता कळून चुकलंय.

सात-चाळीसला मी जिथे असेन तिथे थांबते. पहिले काही आठवडे मी स्टेशनात येऊन पेटीसमोर उभी राहायचे. शून्य. शून्य. कावळा यायचा, उडायचा. एक दिवस माझ्याच तोंडून निघालं, ये रे. त्या दिवशी बाबांच्या जागी बदलीवर असलेल्या मास्तरांनी वर बघितलं आणि विचारलं की कोणाला हाक मारली. मग मी जायची थांबले.

परवा दुपारी, पुढची गाडी चार तासांवर असताना, मी एकटी खिंडीतून चालत गेले. पूल स्वच्छ होता. नवा रूळ, नवे बोल्ट, खाली कोरडं पात्र. मी मध्यापर्यंत गेले आणि रुळाच्या उजव्या अंगाला उभी राहिले. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतली, कारण एवढी लाज मला अजून वाटते. मग पाय रोवले, वाकले, दोन्ही हात पुढे केले आणि कड धरावी तशी बोटं मिटली.

"धरली मी," मी म्हटलं. "उचल दादा."

हात भरून येईपर्यंत मी तशीच वाकून राहिले. डाव्या बाजूनं कोणी काही उचललं नाही.